तिरपे अक्षर : त्याची चाल आणि त्याचा उपयोग

महोत्सवी स्मरणिकेत संस्थेचा इतिहास असावा, देणगीदारांची यादी असावी, दिवंगत कार्यकर्त्यांचे स्मरण असावे, हे सर्वांना मान्य होईल. त्यांच्या पंक्तीला छापील अक्षरांवरचा लेख कशासाठी, असे मात्र काही वाचक विचारतील. त्यांना आमचे उत्तर असे की, धर्मादाय न्यासाचे काम माणसे करतात, पण ते मागे उरते कागदावर. घटना, पावती, अहवाल, निमंत्रण, मानपत्र, शोकसभेचा ठराव आणि ही स्मरणिका, हा सगळा अक्षरांचाच संसार आहे. त्यातही भोपाळसारख्या गावी राहणाऱ्या आपल्या कुटुंबांची गोष्ट थोडी निराळी आहे. घरातली मुले शाळेत हिंदी आणि इंग्रजी वाचतात. छापील मराठी त्यांच्या हाती पडते ते बहुधा गणेशोत्सवाच्या पत्रिकेतून, लग्नाच्या निमंत्रणातून किंवा अशा एखाद्या स्मरणिकेतून. तो कागद वाचायला सोपा आणि डोळ्यांना गोड असला तर मूल दोन ओळी अधिक वाचते. क्लिष्ट असला तर बाजूला ठेवून देते. म्हणून अक्षराची निवड ही केवळ हौसेची बाब आहे असे आम्ही मानीत नाही.

या कागदांवर हल्ली एका अक्षराची फार चलती आहे. ते म्हणजे उजवीकडे झुकलेले, तिरपे अक्षर. इंग्रजीत त्याला इटालिक म्हणतात. निमंत्रणाला 'जरा शोभा आणा' असे सांगितले की छापखान्यातला मनुष्य संगणकावर एक कळ दाबतो आणि सगळा मजकूर वाऱ्यावरच्या ज्वारीसारखा एका बाजूला कलतो. शोभा येते की नाही, हा प्रश्न पुढचा. हे अक्षर मुळात कोठून आले, त्याचे काम काय, आणि आपल्या देवनागरीला ते कितपत मानवते, एवढे समजून घेतले म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर ज्याचे त्याला देता येईल.

इटालिकचा जन्म

युरोपात पंधराव्या शतकाच्या मध्यास खिळ्यांनी छापण्याची कला सुरू झाली, तेव्हा छापील अक्षर हे हस्तलिखितातील अक्षराचीच नक्कल होते. इटलीतील विद्वानांची लिहिण्याची दोन वळणे होती. ग्रंथ उतरून काढताना ते सावकाश, सुटे, उभे अक्षर काढीत. टिपणे आणि पत्रे लिहिताना मात्र हात भरभर चाले, अक्षर किंचित पुढे झुके, अरुंद होई आणि शेजारच्या अक्षराला हात देई. पहिल्या वळणातून आज आपण ज्याला रोमन टाइप म्हणतो तो निघाला. दुसऱ्या, धावत्या वळणाला खिळ्यात उतरवले ते व्हेनिसच्या आल्डुस मनुटियुस या ग्रंथप्रकाशकाने. ते खिळे कोरले बोलोन्याच्या फ्रांचेस्को ग्रिफो या कारागिराने. १५०० साली एका पुस्तकातील चित्रात या अक्षरांचे दोनचार शब्द दिसले, आणि १५०१ मध्ये रोमन कवी व्हर्जिल याच्या काव्यांचे लहान आकाराचे पुस्तक संपूर्णपणे त्याच अक्षरात छापून निघाले. इटलीत जन्मले म्हणून बाकीच्या देशांनी त्याला इटालिक म्हटले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. हे अक्षर प्रथम आले ते एखादा शब्द उठून दिसावा म्हणून नव्हे. अख्खे पुस्तक त्यातच छापले जाई. हातात मावेल अशा पुस्तकात विद्वानाच्या हस्ताक्षराचा जिव्हाळा यावा, हा त्याचा गुण. पुढे १५२२ मध्ये लुडोविको अर्रिगी याने रोमच्या धर्मपीठाच्या कचेरीत चालणाऱ्या धावत्या वळणाचा कित्ताच छापून काढला आणि त्या वळणाची गोडी सर्वत्र पसरली. सोळावे शतक पुढे सरकले तसे मुद्रकांच्या लक्षात आले की, उभे रोमन आणि तिरपे इटालिक एकाच पानावर शेजारी शेजारी नांदू शकतात. उभे अक्षर घरच्या कर्त्या पुरुषासारखे सर्व भार वाही. तिरपे अक्षर प्रसंगी पुढे येऊन चार शब्द बोले आणि पुन्हा मागे सरे. ही जोडी जमली ती आजतागायत टिकली आहे. गॅरामाँ, कॅस्लन, बास्करव्हिल ही जुनी नामांकित घराणी घ्या, की १९३२ मध्ये लंडनच्या 'टाइम्स' पत्रासाठी सिद्ध झालेला टाइम्स न्यू रोमन घ्या. प्रत्येक उभ्या टाइपाबरोबर त्याचा इटालिक जोडीदार असतोच.

खरे इटालिक कसे ओळखावे

पुष्कळांची समजूत अशी की, उभे अक्षर कलते केले म्हणजे झाले इटालिक. तसे नाही. कल हा त्याचा बाहेरचा गुण आहे, आणि तोही बेताचा. बहुतेक टाइपांत तो १० ते १५ अंशांच्या आसपास असतो. खरा फरक अक्षराच्या घडणीत आहे. इंग्रजीतले लहान 'ए' हे अक्षर उभ्या टाइपात दुमजली असते, इटालिकमध्ये ते हाताने लिहिल्यासारखे एकमजली होते. लहान 'एफ' उभ्या टाइपात ओळीवर उभे असते, तर इटालिकमध्ये बहुधा ओळीखाली पाय सोडते. उभ्या रोमन अक्षरांच्या टोकांना जी बारीक आडवी पावले असतात, ज्यांना सेरिफ म्हणतात, ती इटालिकमध्ये आडवी राहत नाहीत. लेखणी कागदावर टेकताना आणि उचलताना जो हलका वळसा घेते, तो वळसा तेथे येतो. अक्षरे थोडी अरुंद असतात आणि त्यांची ओळीतली गर्दी थोडी दाट असते. थोडक्यात, उभे अक्षर कोरल्यासारखे दिसते आणि इटालिक लिहिल्यासारखे. चांगल्या इटालिकचा सगळा डौल या 'लिहिल्यासारखे'मध्ये आहे.

उलट, उभे अक्षरच केवळ ढकलून कलते केले तर त्यातली कोरीव घडण तशीच राहते आणि तोल मात्र जातो. जाणकार मुद्रक अशा अक्षराला इटालिक म्हणत नाहीत. ते कललेले सरळ अक्षर, एवढेच.

त्याचे काम कोणते

इटालिकची कामे पुष्कळ सांगता येतील, परंतु त्या सर्वांच्या मुळाशी एकच तत्त्व आहे : जेथे बोलणाराचा आवाज बदलतो तेथे अक्षर बदलावे. लेखक आपल्या भाषेत लिहीत असता मध्येच परभाषेतला शब्द आला, तर तो इटालिक. एखाद्या ग्रंथाचे, नियतकालिकाचे किंवा जहाजाचे नाव आले, तर ते इटालिक. वाक्यात एका शब्दावर जोर द्यायचा असेल, तर तो शब्द इटालिक. १५६० च्या जिनिव्हा बायबलमध्ये मूळ संहितेत नसलेले, पण इंग्रजी वाक्य पुरे करण्यासाठी भाषांतरकारांनी घातलेले शब्द या अक्षरात छापले. वाचकाला कळावे की हा शब्द मुळातला नव्हे, आमचा आहे. अक्षराच्या नुसत्या कलाने केवढा प्रामाणिकपणा पाळता येतो, याचा हा उत्तम दाखला होय.

शास्त्रांत तर हा कल शोभेचा राहतच नाही, तो अर्थ सांगतो. वनस्पतींची आणि प्राण्यांची दोन शब्दांची लॅटिन नावे इटालिकमध्ये छापण्याचा प्रघात आहे. आपल्या आंब्याचे 'मँगिफेरा इंडिका' हे नाव इंग्रजी ग्रंथात तिरपेच दिसेल. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात तिरपे लहान 'एम' म्हणजे वस्तुमान आणि सरळ लहान 'एम' म्हणजे मीटर. घरातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हे सांगायला नको. अक्षर तेच, पण उभे की तिरपे यावर अर्थ पालटतो.

म्हणूनच इटालिकचा पहिला नियम असा की, ते थोडेच असावे. सगळेच पान तिरपे झाले तर वेगळा आवाज कोणाचा, हे कळणार कसे? भजनात एक जण उंच सूर लावतो तेव्हा तो ऐकू येतो. सगळेच ओरडू लागले तर तो गलका होतो.

आपल्याकडे दुसरा आवाज कसा दाखवीत

आता प्रश्न असा की, आपल्या परंपरेत हे काम कोण करीत असे. पानावर दुसरा आवाज दाखवण्याची गरज आपल्याकडेही होतीच. आपल्या पोथीलेखकांनी ती रंगाने भागवली. जुन्या पोथ्या उघडून पाहा. मजकूर काळ्या शाईत, आणि 'श्रीभगवानुवाच' किंवा अध्यायाच्या समाप्तीचे शब्द हिंगुळाच्या तांबड्या शाईत, अथवा त्या शब्दांवर गेरूचा हात फिरवलेला. अक्षर सरळच, फक्त रंग निराळा. अक्षराच्या सौष्ठवाबद्दलची आस्था आपल्याकडे किती खोल होती, हे सांगायला दासबोधाचा एकोणिसावा दशक पुरेसा आहे. समर्थांनी त्याचा पहिला समास लेखनक्रियेलाच दिला आहे.

धावत्या हाताचे अक्षरही आपल्याकडे होते. ते म्हणजे मोडी. ग्रंथ बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत. हिशेब, पत्रे आणि सरकारी कागद मोडीत, अशी कामाची वाटणी मराठी मुलखात शतकानुशतके चालली. मोडी लिहिणारा आधी पानभर शिरोरेषा ओढून घेई आणि मग लेखणी शक्य तितकी न उचलता तिच्याखाली अक्षरे ओढीत जाई. शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळायचा नाही. वेग हाच तिचा धर्म. पेशवाईतील कसलेल्या कारकुनांचे मोडी वळण तर वाचता न येणारालाही मोह घालील असे वळसेदार आहे. आपल्या या गावाशीही त्याचा संबंध येतो. १७३८ च्या जानेवारीत थोरल्या बाजीरावांनी भोपाळाजवळ निजामाला कोंडीत धरून दुराहा येथे तह करायला लावला. मराठ्यांच्या त्या काळच्या राजकीय पत्रव्यवहाराची चालती लिपी मोडीच होती.

युरोपातले धावते अक्षर आणि आपली मोडी यांत साम्य आहे ते एवढे. पुढची कथा मात्र अगदी वेगळी झाली. तेथे सावकाश अक्षर आणि धावते अक्षर छापखान्यात एकत्र आले आणि एकाच पानावर नांदू लागले. आपल्याकडे ती जोडी जमलीच नाही. मोडीचे खिळे पडले नाहीत असे नव्हे. श्रीरामपूरच्या विल्यम केरी यांचा १८१० चा मराठी कोश मोडी खिळ्यांत छापलेला आहे. परंतु मुंबई-पुण्याच्या छापखान्यांनी पुढे बाळबोधीलाच जवळ केले, मोडी कचेरीच्या दप्तरातच राहिली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून व कचेऱ्यांतूनही तिला रजा मिळाली. ज्यांच्या घरी पणजोबांच्या काळची वतनाची, देवघेवीची वा इनामाची कागदपत्रे ट्रंकेत पडून आहेत, त्यांना या फाटाफुटीची किंमत ठाऊक आहे. कागद आपला, भाषा आपली, नावे आपल्याच पूर्वजांची, आणि वाचता मात्र येत नाही. २०१४ मध्ये संगणकाच्या जागतिक वर्णसंचात, म्हणजे युनिकोडमध्ये, मोडीला स्थान मिळाले, आणि मोडी वाचन शिकवणारे वर्गही चालतात. तरुणांनी त्यांचा लाभ घ्यावा, असे आम्ही आवर्जून सुचवतो.

भोपाळात राहणाराला आणखी एक तिरपे अक्षर परिचयाचे आहे. जुन्या शहराच्या दरवाजांवर, दुकानांच्या पाट्यांवर आणि उर्दू पुस्तकांत दिसणारे नस्तालिक. त्यात शब्द उजवीकडे वर सुरू होऊन डावीकडे खाली उतरत येतो. प्रत्येक अक्षराची जागा शेजारच्या अक्षरावर ठरते, त्यामुळे सुट्या खिळ्यांत ते बसवणे महाकठीण. म्हणून उर्दूने खिळ्यांपेक्षा शिळाछाप पसंत केला. कातिब, म्हणजे सुलेखनकार, कागदावर लिही आणि ते दगडावर उतरवून छापले जाई. शाहजहान बेगमेच्या राजवटीत, म्हणजे १८६८ ते १९०१ या काळात, भोपाळातही तिच्या नावाचा शाहजहानी छापखाना ग्रंथ छापीत होता. नस्तालिकला यंत्रात समाधानकारकपणे बसवण्यासाठी १९८१ उजाडावे लागले. मिर्झा अहमद जमील यांच्या 'नूरी नस्तालिक'ने ते साधले. पण उर्दूवाल्यांनी तोवर आपला कल सोडला नाही, हे विशेष. यंत्राला सोपे जावे म्हणून त्यांनी अक्षराची चाल मोडली नाही.

देवनागरीचे खिळे उभेच का राहिले

मराठी मुद्रणाला सुरेख अक्षर दिले ते मुंबईने. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरी खिळ्यांत सुधारणा केली. तेथेच तयार झालेल्या जावजी दादाजी चौधरी (१८३९-१८९२) यांनी १८६४ मध्ये खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. राणू रावजी आरू या कारागिराच्या हातून उतरलेल्या त्यांच्या अक्षरांनी देशभर संस्कृत आणि मराठी ग्रंथांना एक रूप दिले. ते रूप सरळ, भरदार आणि प्रसन्न होते. त्याला तिरपा जोडीदार मिळाला नाही, आणि त्याचे कारण आळस हे खास नव्हे.

इंग्रजीचे काम मोठी अक्षरे, लहान अक्षरे, आकडे व चिन्हे धरून दीडशेच्या आत उरकते. देवनागरीला काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि जोडाक्षरे धरून शेकडो खिळे लागत. खिळ्यांची ही संख्या कमी कशी करता येईल, या खटाटोपात लोकमान्य टिळकांसारखा पुरुषही पडला होता. अशा स्थितीत तेवढेच खिळे पुन्हा तिरपे कोरून, ओतून, वेगळ्या केसमध्ये भरून ठेवणे कोणत्या छापखान्याला परवडणार? म्हणून मराठी मुद्रकाने जोर दाखवायला जाडा टाइप, ग्रंथाच्या नावाला अवतरणचिन्हे आणि नाटकातील रंगसूचनेला कंस, अशी सोय लावली. ती इतकी अंगवळणी पडली की मराठी वाचकाला तिरप्या अक्षराची उणीव कधी भासली नाही.

दुसरे कारण लिपीच्या घडणीतच आहे. रोमन अक्षरे सुटी उभी असतात. ती पुढे झुकली तर चालणाऱ्या माणसांची रांग दिसते. देवनागरी अक्षरे शिरोरेषेला टांगलेली असतात. शिरोरेषा आडवी ती आडवीच राहते आणि तिच्याखालचे काने व दंड तेवढे कलतात, म्हणजे वरचे आढे जागेवर आणि खालचे खांब वाकलेले, असा देखावा होतो. शिवाय शिरोरेषेच्या वरच्या मात्रा, अनुस्वार आणि रफार कलाबरोबर उजवीकडे सरकतात आणि शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात. खालचे उकार डावीकडे सरकतात. रेषेचा जाडबारीकपणाही बिघडतो. आपला बोरू ज्या बाजूने तासतात, ती रोमन लेखणीच्या तासणीच्या उलट. त्यामुळे आपल्या अक्षरात जाड रेघ जेथे येते, रोमन अक्षरात तेथे ती येत नाही. रोमन अक्षराला शोभलेला कल आपल्या अक्षराला तसाच शोभेल, असे धरून चालणे म्हणजे एकाच्या मापाचा अंगरखा दुसऱ्याला घालणे होय.

संगणकाचे युग

आता खिळे गेले, केस गेल्या, जुळारीही गेले. संगणकावर कोणतेही अक्षर एका कळीने तिरपे होते. पण ती कळ अक्षर लिहीत नाही, फक्त ढकलते. वर सांगितलेले सगळे दोष त्या ढकलण्यात येतात. लहान आकाराच्या तिरप्या मजकुरात 'द्ध' आणि 'ध्द', 'ष्ट' आणि 'ष्ठ' यांचा घोटाळा होतो, आणि साठीच्या पुढच्या वाचकाला चष्मा पुसत बसावे लागते.

म्हणजे देवनागरीत सुंदर तिरपे अक्षर होणारच नाही काय? होईल, मात्र ते हाताने घडवलेले असले पाहिजे. आपल्याकडे र. कृ. जोशी (१९३६-२००८) यांच्यासारखा सुलेखनकार संगणकाच्या अक्षरांकडे वळला. घरोघरच्या संगणकांत दिसणारे 'मंगल' हे अक्षर त्यांचेच. २०१५ पासून हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनाने मूर्ती अभिजात ग्रंथमाला काढली, तिच्यासाठी फिओना रॉस आणि जॉन हडसन यांनी निर्णयसागरी परंपरेला अनुसरून देवनागरी अक्षर घडवले. त्याचेच मराठी रूप 'टायरो देवनागरी मराठी' या नावाने २०२२ पासून कोणालाही विनामूल्य मिळते. त्याला इटालिकची जोडही दिलेली आहे. पण त्याहून मोलाची गोष्ट अशी की, त्यातली वळणे मराठीची आहेत.

मराठी वळण म्हणजे काय, हे भोपाळकरांना निराळे सांगायला नको. आपले ल आणि श हिंदीच्या ल आणि श हून वेगळे. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयानेही पाकळीचा ल आणि देठाचा श हीच मराठीची रूपे ठरवली. येथील हिंदी छापखान्याच्या हाताला ळ ची सवय नसते. त्यामुळे काळे यांचे काले होतात आणि मुळे यांची चक्क मुले होतात. आपला अर्धचंद्रासारखा र तर त्यांना ठाऊकच नसतो. 'आचाऱ्यांना दक्षिणा दिली' आणि 'आचार्यांना दक्षिणा दिली' यांत स्वयंपाकघर आणि विद्यापीठ यांच्याइतके अंतर आहे. अक्षर तिरपे असावे की सरळ, या वादाआधी ते मराठी आहे की नाही, हे पाहिले पाहिजे.

आपल्या कागदांसाठी चार सूचना

वरील विवेचनाचा उपयोग आपल्या न्यासाच्या आणि घरच्या कामात व्हावा, म्हणून थोडक्यात सांगतो.

पहिली सूचना अशी की, माहिती नेहमी सरळ अक्षरात द्यावी. नावे, तिथी, वेळ, पत्ता, रक्कम, ठराव, हिशेब यांत तिरप्या अक्षराला शिरकाव देऊ नये. देणगीदाराचे नाव एका दृष्टिक्षेपात वाचता आले पाहिजे. दिवंगतांच्या नावांची शिला तर सरळच कोरावी. दगडाला धावण्याची घाई नसते.

दुसरी, तिरपे अक्षर आवाज बदलतो तेथेच योजावे, आणि एका वेळी दोनतीन ओळींहून अधिक नको. लग्नपत्रिकेत 'आमचे येथे श्रीकृपेकरून' ही ओळ सरळ शोभते. पण तळाशी चिमुकल्यांच्या तोंडी घातलेले 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!' हे वाक्य तिरपे छापा. तेथे खरोखरच दुसरा आवाज बोलत आहे. स्मरणिकेत एखाद्या जुन्या पत्रातला उतारा, अर्पणपत्रिका, छायाचित्राखालची ओळ, यांनाही ते शोभेल.

तिसरी, केवळ ढकललेले अक्षर घेऊ नये. घडवलेले तिरपे अक्षर मिळत नसेल तर जाडा टाइप, रंग किंवा अवतरणचिन्ह वापरावे. पोथीलेखकांचा तांबडा रंग आजही तितकाच गुणकारी आहे. पूर्वी तो हिंगुळातून काढावा लागे, आता छापखान्यात तयार मिळतो, एवढाच फरक.

चौथी, मुद्रिते पडद्यावर न तपासता कागदावर तपासावीत, आणि ती घरातल्या सर्वांत वृद्ध आणि सर्वांत लहान वाचकापुढे ठेवावीत. मूळ मजकूर १२ ते १४ पॉइंटाहून लहान नसावा. आजी चष्मा न बदलता वाचू शकली आणि नातू न अडखळता वाचू शकला, तर अक्षर उत्तीर्ण झाले असे समजावे.

१ नोव्हेंबर १९५६ ला भोपाळ नव्या मध्यप्रदेशाची राजधानी झाले, तेव्हा नागपूरच्या कचेऱ्यांबरोबर अनेक मराठी कुटुंबे येथे आली. काही ग्वाल्हेर-इंदुराहून आली, काही पुढे भेलच्या कारखान्यामुळे स्थिरावली. त्यांच्या मागच्या पिढ्यांचे कागद मोडीत अडकून पडले, कारण ती लिपी वाचणारे हात आणि डोळे एका पिढीत निघून गेले. आज येथे आपली मराठी बाळबोध अक्षरांच्या आधाराने उभी आहे. पन्नास वर्षांनी आजची ही स्मरणिका कोणी नातवंड कपाटातून काढील, तेव्हा त्याला ती उलगडता आली पाहिजे. शोभेसाठी एखादी ओळ खुशाल झुकू द्यावी. पण ज्या ओळींतून पुढच्या पिढीने आपल्याला ओळखायचे आहे, त्या ताठ उभ्या आणि स्वच्छ असाव्यात, एवढेच आमचे मागणे आहे.